पेशी

गावात माझ्याबद्दल बोलतात, की दैवशालाबाई दारात यायच्या आधी त्यांचा आवाज घरात शिरतो. बोलू देत. अकरा वर्षं झाली मी आशाचं काम करते, आणि हळू आवाजात सांगितलं म्हणून कुणी पाण्याचा ड्रम धुऊन उलटा घातला असं एकदाही झालेलं नाही. ओरडून सांगितलं तरी दहातली चार घरं ऐकतात. त्या चारांतलीही दोन मी पाठ फिरवली की विसरतात.

लोकांचंही एका परीने खरंच आहे म्हणा. आमचं गाव वाटूर फाट्यापासून सहा किलोमीटर आत. नळाला नऊ दिवसांनी पाणी येतं, तेही तासभर. कंबर मोडेपर्यंत भरलेला ड्रम आठवड्याला ओतून द्या म्हणून मी सांगायचं आणि बायांनी तो ओतायचा, हे माझ्याच्याने माझ्या घरात होत नाही. मी पाणी फडक्याने गाळून दुसऱ्या भांड्यात घेते, आधीचं घासते, आणि घरोघर तेच सांगत हिंडते. पण सोयाबीन काढणीला आलं की गाळत बसायला कुणाला वेळ आहे? डास तेवढे वेळेवर होतात.

ऑक्टोबर लागला आणि शाळेतली पोरं तापाने पडायला लागली. जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीपर्यंत, पट त्रेपन्न. पहिल्या आठवड्यात चार पोरं पडली, दुसऱ्यात अकरा. दोघांचा डेंग्यू निघाला तसे फवारणीवाले आले, गाडी आली, फोटो निघाले. सोमवारी शाळेच्या ओट्यावर बसून लॅबच्या माणसाने तापाच्या सगळ्या पोरांचं रक्त घेतलं. त्यात तिसरीतली अर्पिता होती. तिला गुरुवारपासून ताप होता. सुई टोचताना बाकीची पोरं गळा काढत होती, आणि ही नुसती माझ्याकडे बघत होती, जणू ही भानगड मीच काढली.

अर्पिता म्हणजे रखमाजी मामांची नात. मामांचं घर गावात नाही, दीड किलोमीटरवर शेतात आहे, आखाड्यावर. मामा, त्यांचा मुलगा कल्याण, सून सोनूबाई आणि ही एकच पोर. घरात मोबाइल दोन, पण चालू असतो तो कल्याणचा.

डेंग्यूची एक गोष्ट आम्हाला ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगितली होती आणि मीही ती सगळ्या गावाला सांगत होते. ताप उतरला की पोरगं बरं झालं, असं आपल्याला वाटतं. डेंग्यूत तसं नसतं. ताप उतरल्यावरचे दोन दिवसच जोखमीचे. पोट दुखलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, पोरगं सुस्तावलं, तर घरी ठेवायचं नाही. मी सांगायचे आणि बाया मान हलवायच्या, आणि ताप उतरला की पोराच्या पाठीला दप्तर अडकवून मोकळ्या व्हायच्या.

आणखी एक शब्द या दोन सालांत माझ्या तोंडात बसला होता. डॉक्टर म्हणतात प्लेटलेट. गावाला ते झेपत नाही म्हणून आम्ही म्हणतो पेशी. अमक्याच्या पेशी कमी झाल्या, तमक्याची पेशी वाढली. दीड लाखाच्या वर असल्या तर बरं, पन्नास हजारांच्या खाली गेल्या की तालुक्याला, परतूरला पळवायचं. खरं सांगायचं तर हा शब्द उच्चारताना मला जरा डॉक्टर झाल्यासारखं वाटायचं. समोरचा माणूस घाबरून ऐकतो, हेही आवडायचं.

मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला लॅबमधून रिपोर्ट आले. मी पाण्याच्या टाकीजवळ उभी होते, गावात रेंज मिळते ती तिथं, नाहीतर शाळेपाशी. बाकीच्यांचं ठीक होतं. अर्पिताच्या पेशी एकेचाळीस हजार. लॅबच्या माणसाने खाली लिहिलं होतं, आजच परतूरला दाखवा. मी लगेच कल्याणला फोन लावला. उचलला रखमाजी मामांनी.

"मामा, मी दैवशाला. पेशी एकदम खाली आली. आजच परतूर गाठा."

पलीकडून नुसती खरखर आली. मग मामांचा आवाज, "पेशी आली? आजच?"

"आजच. आत्ता निघा."

"आगं पण तारीख तर पुढची दिल्ती."

दुसऱ्यांदा रक्त पुढच्या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं. मामा तेच धरून बसलेत असं समजून मी आवाज चढवला. तारखेचं सोडा म्हटलं, उशीर बिलकुल करू नका, कल्याणला संगं घ्या आणि कागदं सगळी घ्या.

"कागदं घेतो बराबर," मामा म्हणाले. "साहेबरावाला सांगून ठेव मंग, आम्ही निघून राह्यलो म्हणून."

साहेबराव म्हणजे माझे यजमान. ते परतूरच्या कोर्टात एका वकिलाकडे मुन्शी आहेत, आणि गावातलं कुणी परतूरच्या दवाखान्यात गेलं की ओळखीचा माणूस म्हणून यांनाच बोलावतात. त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. यांना फोन करायचा मात्र राहून गेला, कारण तेवढ्यात केशरबाईंच्या सुनेला कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि मी तिकडे धावले. धावायच्या आधी माझ्या यादीत अर्पिताच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

सुनेला गाडीत बसवून मी अकराच्या पुढे शाळेत पोचले. हात धुवायच्या टाकीचं झाकण नीट बसत नव्हतं, ते बघायचं होतं. मिथुन सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, खुशीत होते. पंधरा दिवसांनी हजेरी चाळीसच्या वर गेली होती. ते मला ते कौतुकाने सांगत होते आणि माझा फोन वाजला. यांचा होता.

"आगं, रखमाजी मामाला काय सांगून ठेवलंस तू?"

मी म्हटलं, काय झालं? पोचले का ते?

"पोचले म्हंजे? धा वाजल्यापून दोघं बापलेक कोर्टाच्या व्हरांड्यात बसून हायत. फाईल घेऊन. म्हणतात दैवशालानं सांगितलं, आज पेशी हाय. त्यांची पेशी तर नोव्हेंबरात हाय."

मला आधी काही कळलंच नाही. मी विचारलं, अर्पिता कुठंय त्यांच्याबरोबर?

"कोण अर्पिता?" हे म्हणाले.

आमच्या भागात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. आज्या-पणज्यांपासून तोच अर्थ. रखमाजी मामांचा त्यांच्या चुलतभावाशी बांधावरून सात वर्षं दावा चालू आहे, वकील तोच, यांचा. पुढची पेशी कधी, हे मामांना दर वेळी आमच्याच घरातून फोन करून कळवतात. कितीदा तर मीच कळवलंय. मामा, पेशी अमक्या तारखेला, कागदं घेऊन या, उशीर करू नका. हेच शब्द, याच आवाजात. ज्या घरात हा शब्द रोज जेवताना ऐकते त्याच घरातली मी, आणि मला सकाळी त्याची आठवण झाली नाही. मी मोठी डॉक्टरीण झाले होते ना.

मी यांना म्हटलं, त्या दोघांना घेऊन सरकारी दवाखान्यात जा, पोरीला मी आणते, तिची तब्येत बरी नाही, एवढंच सांगा. मग मिथुन सरांकडे वळून विचारलं, आखाड्यावर कुणाचा नंबर आहे का, अर्पिताला ताबडतोब न्यायचंय.

सर म्हणाले, "आखाड्यावर कशाला? ती तर आलीय आज. ताप उतरला म्हणली."

ती तिसरीच्या वर्गात भिंतीला टेकून बसली होती. दप्तर मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. शेजारची पोरगी मला म्हणाली, ही दोनदा उलटी करून आली, सरांना सांगू नको म्हणली. मी तिचा हात हातात घेतला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पोरीचा हात पहाटेच्या रांजणासारखा गार आणि ओला. कपाळही गार. ओठ सुकलेले. मी तिचं नाव घेतलं तर डोळे उघडले, मला ओळखलं, आणि पुन्हा मिटले.

"कुठं दुखतंय गं?"

तिने पोटावर हात ठेवला.

मिथुन सरांचा चेहरा उतरला. मला त्यांच्यावर खेकसायचं होतं, पण कोणत्या तोंडाने खेकसणार? ते म्हणाले, मी सोनूबाईला आणतो, ती सोयाबीन काढायला गेली असणार. मोटारसायकल काढून ते गेले. मी पोरीला उचललं. आठ वर्षांची पोर, पण हातात लोळागोळा.

लतीफभाईंचा ऑटो शाळेजवळच्या लिंबाखाली असतो. दुपारी परतूरच्या मोंढ्याला, धान्याच्या बाजाराला जाणारी माणसं ते भरतात. चार जणं आधीच बसलेली होती. लतीफभाईंनी माझ्या हातातली पोर बघितली आणि त्या चौघांना उतरायला सांगितलं. एक जण कुरकुरला, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"भाभी, बच्ची को संभालो. रस्ता मैं देखता."

निघता निघता मी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, जालन्याचा विचार करू नका, आधी परतूर, लगेच सलाईन लागलं पाहिजे, मी तिकडे कळवतो. आणि पोरीला झोपू देऊ नका. झोपू देऊ नका म्हणणं सोपं आहे.

गावाबाहेरच्या वळणावर मिथुन सर सोनूबाईला घेऊन उभे होते. डोक्याला फडकं, हातात अजून विळा. विळा सरांच्या हातात देऊन ती आत चढली आणि पोरीचे पाय मांडीवर घेतले. तिला काहीच माहीत नव्हतं. ती सारखी म्हणत होती, "राती ताप उतरला ना ताई. सकाळी अंग गार व्हतं. गार व्हतं म्हणून तं शाळेत लावलं." पायांना हात लावल्यावर मात्र ती ते पाय पदरात गुंडाळून चोळायला लागली.

फाट्यापर्यंतचे सहा किलोमीटर म्हणजे रस्ता कमी आणि खड्डे जास्त. मी पोरीच्या मनगटावर बोटं धरून बसले होते. नाडी कधी सापडायची, कधी नाही. सापडायची नाही तेव्हा मी मनगट आणखी घट्ट धरायचे आणि मग माझ्याच बोटातली धडधड मला तिची वाटायची. चमच्याने मिठासाखरेचं पाणी दिलं, ते तिने माझ्या साडीवर उलटून टाकलं. मी तिला बोलतं ठेवायला काहीबाही विचारत होते. आज डब्यात काय होतं? माहीत नाही. मैत्रीण कोण? उत्तर नाही. सकाळी आबा काय म्हणाले?

तेवढ्याला ती बोलली. "आबा गोळी आणणारंय. पोटाची."

म्हणजे तिने घरी सांगितलं होतं. कोर्टाला निघालेल्या आजोबाला तिने सांगितलं होतं, की पोट दुखतंय. सोनूबाईने ते ऐकलं नसावं, ती पाय चोळत होती. मी ऐकलं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या घटकेला मला हायसं वाटलं. चूक माझी एकटीची नाही, म्हातारबाचीही आहे. एवढी पोर माझ्या मांडीवर थंड पडत चाललेली, आणि माझं मन बसलं होतं वाटण्या करत.

फाट्यावरून परतूरचा रस्ता बरा आहे. लतीफभाईंनी ऑटो असा सोडला की कानात वारं भरलं. पण परतूर जवळ आलं आणि मोंढ्याच्या अलीकडेच सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, अर्धा किलोमीटर. पलीकडून एसटी येत होती. लतीफभाईंनी ऑटो सरळ उलट्या बाजूला घातला, एसटीच्या तोंडावर, आणि हात बाहेर काढून हलवत राहिले. एसटीचा ड्रायव्हर शिव्या द्यायला वाकला, त्याला मांडीवरची पोर दिसली, आणि त्याने गाडी रस्त्याच्या खाली घेतली. सोनूबाईने माझा दंड धरला होता, त्याचे वळ दोन दिवस राहिले.

दवाखान्याच्या दारातच हे, कल्याण आणि मामा उभे होते. मामांनी कोर्टाचे कपडे घातलेले, इस्त्रीचं धोतर, वर कोट, पांढरी टोपी, काखेत फाईल. पोरीला बघून कल्याण धावला आणि माझ्याकडून तिला घेऊन आत पळाला. मामा होते तिथंच राहिले.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बीपी घेतलं, पुन्हा घेतलं. वरचं चौऱ्याऐंशी, खालचं बहात्तर. मला म्हणाल्या, दोन्हींमध्ये अंतर उरलं नाही, ताई. शीर सापडेना. नर्सने तीनदा टोचलं, पोरीने हूं की चूं केलं नाही, आणि सोमवारी तिचं ते गप्प बसणं मला धीटपणा वाटलं होतं हे आठवून मला रडू आलं. चौथ्यांदा शीर मिळाली. सलाईन जोरात सुरू केलं.

मी घाईघाईने सांगितलं, मॅडम, पेशी एकेचाळीस हजार आहे. त्या न बघताच म्हणाल्या, पेशींचं नंतर बघू. हिच्या रक्तातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपतंय, ते आधी भरू द्या. मग सोनूबाईला विचारलं, शेवटची लघवी कधी झाली? सोनूबाईला सांगता येईना. पोरीने मान हलवली, सकाळपासून नाही.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढून समजावलं. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन जालन्याला गेलीय, चारपर्यंत येईल. तोवर त्या सलाईनवर सांभाळणार. या बीपीवर पोरीला पंचाहत्तर किलोमीटर न्यायला त्यांचं मन धजत नव्हतं, पण सुधारली नाही तर न्यावं लागणार.

"लघवी झाली तर समजायचं पोरगी वळणावर आली," त्या म्हणाल्या. "तेवढी एक गोष्ट मला बघायचीय. दुसरं मला काही विचारू नका."

दीड वाजला होता. सोनूबाई आत पोरीजवळ, आम्ही बाहेर बाकावर. दर पंधरा मिनिटांनी नर्स आत जायची आणि बाहेर आली की आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघायचो. ती मान हलवायची. अडीच वाजले. लतीफभाई कुठूनसं पाणी घेऊन आले, कुणी प्यालं नाही. त्यांनी भाड्याचं नाव काढलं नाही आणि परतही गेले नाहीत. दाराबाहेर उकिडवे बसून राहिले.

तीनच्या सुमाराला कल्याणचा बांध फुटला. इतका वेळ तो भिंतीला डोकं टेकून उभा होता. एकदम वळला आणि बापावर तुटून पडला. कोर्टाशिवाय तुम्हाला दुसरं काही ऐकू येतं का, म्हणाला. सात वर्षं झाली, हातभर बांधापायी जीव खाल्ला सगळ्यांचा. बाईनं पोरीच्या आजाराचा फोन केला आणि तुम्ही मला गाडीवर घालून कोर्टात आणून बसवलं. पोरीला काही झालं तर मी घरात पाय ठेवणार नाही.

मामा ऐकत होते. फाईल मांडीवर, दोन्ही हात फाईलवर. एका शब्दाने त्यांनी उलटून उत्तर दिलं नाही. दैवशालेनं असं सांगितलं, तसं सांगितलं, काही नाही. हे माझ्याकडे बघत होते. सकाळी मी काय बोलले असेन हे त्यांना आता समजलं होतं, आणि ते काही बोलणार नव्हते हेही मला दिसत होतं. मी गप्प राहिले असते तर सगळं मामांच्या डोक्यावर गेलं असतं. गावातही तेच झालं असतं. म्हाताऱ्याला दाव्याचं वेड, त्याने निरोप उलटा ऐकला. आणि मी उद्यापासून पुन्हा घरोघर जाऊन लोकांवर ओरडायला मोकळी झाले असते.

मी उठले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका बारीक निघाला.

"कल्याणभाऊ, मामाला बोलू नका. मी फोनवर पोरीचं नावच घेतलं न्हाई. दवाखाना बी म्हणले न्हाई. पेशी आली, परतूरला जा, कागदं घ्या, एवढंच म्हणले. तुमच्या घरी मी ह्याच्या आधी बी असंच सांगत आले. ही चूक माझी हाय."

कल्याण माझ्याकडे बघत राहिला. त्याने हात उगारला असता तरी मी हलले नसते. पण तो काही करायच्या आधी मामा बोलले.

"तिनं नाव घेतलं न्हाई, अन् म्या इचारलं न्हाई," ते म्हणाले. "निघायच्या वक्ताला पोरगी म्हणली, आबा पोटात दुखून राह्यलं. कागदं हुडकत व्हतो म्या. म्हणलो, येताना गोळी आणतो. तिच्याकडं पाह्यलं बी न्हाई."

त्यांनी कोटाच्या खिशातून दोन गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. कोर्टात जायच्या आधी त्यांनी ती घेतली होती. कल्याण खाली बसला आणि त्याने बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मला त्यांच्याकडे बघवेना. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदाच मनात म्हटलं, की मला शिव्या पडू दे, काम जाऊ दे, पण ही पोर राहू दे.

चारला पाच कमी असताना ॲम्ब्युलन्स आवारात शिरली. डॉक्टर लगबगीने आत गेल्या. दोन सलाईन संपली होती, तिसरं चालू. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, त्यांनी बीपी घेतलं, पोरीच्या पायांच्या बोटांना हात लावला, नख दाबून बघितलं. ड्रायव्हरला स्ट्रेचर काढायला सांगितलं. कागद तयार करायला नर्स टेबलाशी गेली. सोनूबाईने पोरीची चप्पल उचलून छातीशी धरली. आम्ही सगळे दाराशी गोळा झालो.

स्ट्रेचर आत आलं तेव्हा पोरगी आईकडे बघून काहीतरी पुटपुटली. सोनूबाई वाकली. तिला ऐकू आलं नाही, ती म्हणाली, पाणी पाहिजे का? पोरीने मान हलवली आणि पुन्हा पुटपुटली. सोनूबाई ताठ झाली. ती डॉक्टरांकडे बघायला लागली.

"काय म्हणतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

"लघवीला लागली म्हणती."

सगळे जागच्या जागी थांबले. नर्स हातातला कागद टाकून भांडं आणायला धावली. ड्रायव्हरने स्ट्रेचर मागे ओढलं. डॉक्टर म्हणाल्या, भांड्यातच करू दे, मला मोजायचीय. सोनूबाईने पोरीला पाठीत हात घालून उचललं, आणि तेवढ्यात पोरगी अडून बसली. तिची नजर दाराकडे होती. दारात आम्ही पाच जण.

"आबाला बाहीर जाय म्हण," ती म्हणाली.

कल्याण हसला की रडला, मला सांगता येणार नाही. मामा घाईघाईने मागे सरले. जाता जाता धोतर पायात अडकून पडणार होते, लतीफभाईंनी त्यांना धरलं. नर्सने पडदा ओढून घेतला. बाहेर मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, लहान पोराला शाळेत शिक्षा केल्यासारखे, आणि आम्ही सगळेच श्वास धरून त्यांच्या बाजूला उभे राहिलो. आत काहीच ऐकू येत नव्हतं. मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. वीस झाले, तीस झाले.

मग भांड्यात आवाज झाला. आधी थोडा, थांबला, आणि मग धार लागली.

आत डॉक्टर नर्सला आकडा विचारत होत्या, ड्रायव्हरला थांब म्हणत होत्या, सोनूबाई मोठमोठ्याने रडत होती. मामांनी भिंतीला कपाळ टेकलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुना सासऱ्यासारख्या माणसाच्या पाठीवर असा हात ठेवत नाहीत, पण ठेवला.

पडद्यामागून अर्पिताचा आवाज आला, बारीक पण नीट ऐकू येईल असा.

"आबा, या आता. झालं."